गावात भेटायचं तर चंद्र लागतो

कुणीतरी लिहिलंय की इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या (म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या) हलक्याफुलक्या प्रेमकथा खेड्यात घडल्या की नुसता चहा आणि नाच, बाकी शून्य. मला नाही पटलं. लंडनात नायक-नायिका रोज भेटतील; गावात भेटायला चंद्रही लागतो! खरंच. वाटेवर दिवे नसत, म्हणून नाचाचे कार्यक्रम शक्यतो पौर्णिमेच्या आसपास ठेवत, बग्ग्या रात्री धड घरी पोचाव्यात म्हणून. नेमकं आभाळ भरून आलं की पाहुण्याला मुक्कामी ठेवायला लेखिकेला आयतं निमित्त.

पत्रांचंही तेच. १८४० पर्यंत टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाराच भरायचा, तेही अंतर आणि कागद मोजून. त्यामुळे पान भरलं की तेच आडवं फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुढचं लिहायचे. आता पैसे वडिलांनी मोजल्यावर पत्र कुणाचं हे घरभर होणारच. चोरून प्रेम करावं तरी कसं, बाप्पा? घरच्यांच्या संमतीविना लग्न लावायला स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावी पळून जाण्याचा मात्र मला कंटाळा येतो, तो भाग मी सरळ उलटते.

नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांत अशी कादंबरी दिसली की मी उचलतेच, मे महिन्यात कूलरसमोर दुसरं काही झेपत नाही. पण असं काही आपल्याकडचं का नाही? नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. त्याच्या थोडं आधीचा उमरेडकडचा वाडा, दमणीतून (हलक्या बैलगाडीतून) येणारे पाहुणे, अडवून धरणारा पाऊस. कुणीतरी लिहा हो. फक्त मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, दरवेळी खलनायक नको.