पणजीहून अर्ध्या दिवसाच्या आणि दिवसभराच्या सहली : सोबत आई-बाबा आणि शाळकरी मुलगी

साताऱ्याची_सून
नमस्कार मंडळी. बदलीमुळे आम्ही यंदाच पणजीला आलो आहोत. डिसेंबरात सासू-सासरे साताऱ्याहून येत आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना इतिहासाची मनापासून आवड, आणि मुलगी पाचवीत आहे. मिरामार, दोनापावला घराजवळच आहेत, त्यामुळे किनारे नकोत. घरची गाडी आहे. सकाळी निघून जेवायला घरी येता येईल असं एखादं ठिकाण आणि पूर्ण दिवसाचं एखादं सुचवा.

मांडवीकाठ
ताई, सासरे इतिहासवाले आहेत तर अर्ध्या दिवसासाठी डोळे मिटून नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ धरा. पण पुलांवरून वळसा घालून जाऊ नका, जुने गोवेहून फेरीबोटीने जा. व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर उतरलं की समोर दिवाडी बेट. बोट टेकली की लोखंडी फळी धक्क्यावर आपटते, आधी दुचाक्या सुटतात, मग मोटारी. सासूबाई गाडीतच बसून राहिल्या तरी चालेल. दिवाडीवर शेतांमधल्या अरुंद रस्त्याने बेट ओलांडायचं आणि पलीकडच्या धक्क्यावरून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला उतरायचं.

हा क्रम मुद्दाम सांगतोय. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं दैवत आणि त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीज काळात ते पाडलं गेलं आणि लिंग नदीपार नार्व्याला नेलं गेलं. म्हणजे देव ज्या बाजूने गेला त्याच बाजूने तुम्ही जाता. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आणि 'श्री शिवराज्ञा' असं कोरलेलं आहे, ते सासऱ्यांना स्वतः वाचू द्या. राज्य सरकारने अलीकडेच देवळाची चांगली डागडुजी केली आहे. वेळ उरला तर मये तलाव जवळ आहे, नाहीतर सरळ परत.

फोंड्याची_माई
नार्व्याला माझंही मत. पूर्ण दिवसासाठी तांबडी सुर्ला. कदंब काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या बेसाल्टचं, मोलेच्या रानात. गोव्याचा दगड म्हणजे जांभा, त्यामुळे हा पाषाण घाटावरून आणला असं म्हणतात. मंडपात उभं राहून वर छताकडे बघा, दगडात कोरलेलं कमळ आहे. गाडी लावून थोडं चालावं लागतं, पण वाट सोपी आहे. सकाळी लवकर निघा. परतीला वाटेत एखाद्या कुळागरात जेवण घ्या, मसाल्याच्या बागायती फोंडा भागात बऱ्याच आहेत. मग म्हार्दोळची म्हाळसा आणि मंगेशी करून पणजी. दोन्ही देवळं हमरस्त्यालगत आहेत.

एक कळकळीने सांगते, त्याच दिवशी दूधसागर जोडू नका. नकाशावर जवळ दिसतो, पण कुळ्याहून जीपने ओढे ओलांडत जायचं, धक्के सोसायचे आणि शेवटी दगडधोंड्यांतून चालायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हे झेपणार नाही.

साताऱ्याची_सून
माई, मांडवीकाठ, खूप आभार! दूधसागर यादीत पहिलाच होता, काढून टाकला. फक्त देवळंच झाली तर लेक कंटाळेल. तिच्यासाठी काही?

कुशावती
दक्षिणेला वळा. रिवणजवळ उसगाळीमळ इथे कुशावती नदीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक काळातली चित्रं कोरलेली आहेत. बैल, हरणं, मोर, माणसं, आणि एक मोठं गोल चक्रव्यूह. मुलीला त्याची रेघ नजरेने आतपर्यंत न्यायला सांगा, बराच वेळ रमेल. कातळावर पाय मात्र देऊ नका, झीज होते. भर दुपारी रेघा पुसट दिसतात, तिरपं ऊन हवं, म्हणून हे ठिकाण सकाळी पहिलं ठेवा.

तिथून नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे. तळाशी सतत बुडबुडे उठत असतात. टाळी वाजवली की ते वाढतात असं गावात सांगतात. लेकीला वाजवू द्या. परतताना चांदोरचं मिनेझिस ब्रागांझांचं जुनं घर बघता येईल, पण आजी-आजोबा थकले असतील तर ते सोडा. पणजीपासून हा टप्पा लांबचा आहे, डबा आणि पाणी बरोबर असू द्या.

मांडवीकाठ
कुशावतींचं पटलं. पण पक्षी आवडत असतील तर चोडणही आहेच. रायबंदरहून फेरीबोट, धक्क्यापाशीच सलीम अली अभयारण्य. खारफुटीतली पायवाट सपाट आहे, सासूबाईही चालतील. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की पक्षी कमी दिसतात.

आणि ताई, तारखा ठरवताना ३ डिसेंबर टाळा. त्या दिवशी जुने गोव्याला सेंट झेवियरचं फेस्त असतं, आधीचे नऊ दिवसही गर्दीचे. फेरीबोटीला जायचा रस्ता तिथूनच आहे. नाताळ ते नववर्ष तर गाडी बाहेरच काढू नका. ८ ते २० डिसेंबरच्या दरम्यान बघा, आणि दोन सहलींच्या मध्ये सासूबाईंना एक दिवस विश्रांतीचा ठेवा.

साताऱ्याची_सून
ठरलं. आधी नार्वे, एक दिवस सोडून तांबडी सुर्ला. उसगाळीमळ शनिवारी, लेकीच्या शाळेला सुट्टी बघून. जुने गोव्याच्या धक्क्यावर सकाळी बोटीसाठी मोटारींची रांग फार लागते का?

मांडवीकाठ
कामाच्या दिवशी कचेरीच्या वेळेला लागते. रविवारी सकाळी निवांत असतं.