बियाण्याच्या खोलीत उंदीर: विष न घालता सापळ्याने कसे धरावे? मदत हवी आहे

काळी माती:

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घर जुनं आहे, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. मधल्या खोलीत घरचं सोयाबीन बियाणं पोत्यांत भरून ठेवलं आहे, जूनच्या पेरणीसाठी. हरभरा निघून शेतं मोकळी झाली आणि तेव्हापासून उंदरांनी या खोलीत ठाण मांडलंय. पोत्यांचे खालचे कोपरे कुरतडले आहेत, दाणे सांडतात, त्यात लेंड्या मिसळतात. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ, नुसता दात लागला तरी उगवण जाते. म्हणजे पोटात गेलं त्याहून नासलं ते जास्त. पेरणीच्या तोंडावर बियाण्याची विकतची बॅग घ्यायची तर किती महाग पडते, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

विष घालायचं नाही, हे घरात पक्कं ठरलंय. मुलगा नुकता चालायला लागलाय, दिसेल ते तोंडात घालतो. अंगणात कोंबड्या असतात. आणि उन्हाळा संपला की उंदरांच्या मागे साप घरात शिरतो, ही भीती वेगळीच. आम्ही सगळे खालीच निजतो.

आठवडी बाजारातून तारेचा पिंजरा आणला, आत भजं अडकवलं. सकाळी भजं गायब, दार उघडंच. लाकडी फळीचा चाप लावला, त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. तुकडा गेला, चाप तसाच ताणलेला. चिकट पुठ्ठ्यावर पाल चिकटली, तिचे हाल बघवले नाहीत, तो पुन्हा लावणार नाही.

सासूबाई म्हणतात गणपतीचं वाहन आहे, मारू नका, धरून शिवारात सोडा. मला त्यांचं मन मोडायचं नाही. पण सोडलेला उंदीर परत येतो का? आणि सापळ्यात तो सापडत का नाही? कोणी अनुभवाने सांगा.

वऱ्हाडी:

ताई, मांजर पाळा. आमच्या घरी मांजर आली तवापासून उंदीर दिसला नाही.

कोरडवाहू:

ताई, आधी एक सांगा, लेंड्या केवढ्या आहेत? जिऱ्याएवढ्या, टोकदार असतील तर तो घरातला लहान उंदीर. त्याहून बऱ्याच मोठ्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस. दोघांचा स्वभाव वेगळा आहे, सापळाही वेगळा लागतो.

काळी माती:

जिऱ्याएवढ्याच, दादा. रात्री एकदा बॅटरीच्या उजेडात दिसलाही, अंगठ्याएवढा, शेपूट लांब.

कोरडवाहू:

मग तुमचा पिंजरा त्याच्यासाठी केलेलाच नाही. बाजारात मिळतो तो बहुतेक मोठ्या उंदराचा असतो. तारांमधली फट मोठी, आमिष अडकवायचा आकडा जड. लहान उंदराचं वजन पंधरा-वीस ग्रॅम. तो बाहेरूनच भजं ओढतो, नाहीतर आत जाऊन खातो आणि तारांतून निघून जातो. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून हा प्राणी जातो. बारीक जाळीचा पिंजरा घ्या, आणि घेताना आकड्याला काडी लावून बघा. हलक्या धक्क्याने दार पडलं पाहिजे.

चापाचंही तसंच. भाकरीचा तुकडा तो उचलून नेतो, चापावर जोर पडतच नाही. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ एकत्र मळा, हरभऱ्याच्या दाण्याएवढी गोळी करा आणि चापाच्या पट्टीत दाबून बसवा. तिथेच खरवडून खावं लागेल असं करा. याहून चांगलं म्हणजे कापूस. तुमच्याकडे तो असणारच. माद्या बिळात अंथरायला कापूस नेतात. एक झुपका पट्टीला दोऱ्याने घट्ट बांधा. ओढायला लागली की चाप सुटतो. खायला पोत्याभर सोयाबीन समोर असताना भजं हवंच कोणाला, पण ऊबेसाठी कापूस त्या खोलीत दुसरीकडे मिळत नाही.

जागा सगळ्यात महत्त्वाची. उंदीर खोलीच्या मधून पळत नाही, भिंतीला अंग घासत जातो. चाप भिंतीशी काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. लहान उंदीर बिळापासून फार लांब जात नाही, काही मीटरच. म्हणून एक सापळा आज इथे, उद्या तिथे, असं करू नका. एकाच रात्री जमतील तेवढे लावा, दर पाच-सहा फुटांवर एक. मादी गाभण राहिली की विसाव्या दिवसाच्या आसपास विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं असतात. हळूहळू धरत बसलात तर ती पुढेच राहणार.

मूल आहे म्हणून चाप उघडा ठेवू नका. पत्र्याच्या डब्याला दोन्हीकडे भोकं पाडून त्याच्या आत ठेवा, उंदराला अंधारी वाटही मिळते.

सोडण्याबद्दल: घराजवळ सोडला तर परत येतो. लांब सोडला तर कोणाच्या तरी शेतात जाईल किंवा घुबडाच्या तोंडी लागेल. हा उंदीर माणसाच्या आसऱ्यानेच जगतो. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. माझं मत विचाराल तर चापाने लगेच जातो, पाण्यात बुडवून मारण्यापेक्षा ते बरं. तरीही त्यांचं मन तयार नसेल तर बारीक जाळीचा पिंजरा वापरा, सकाळी लवकर बघा, उन्हात तडफडत ठेवू नका.

ओलिताखालची:

विषाबाबत तुम्ही केलंत ते अगदी योग्य. झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की विषारी वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही. ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट लोक पोळीला लावून ठेवतात, ती यकृत निकामी करते, त्यावरही उतारा नाही. लहान मूल असलेल्या घरात ही वस्तू नसावीच.

लेंड्या कोरड्या झाडूने लोटू नका ताई, धूळ नाकात जाते. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने पुसा. मेलेला उंदीर हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला आणि खोल पुरा, कुत्रं उकरणार नाही असा. २०१८ साली नागपूरकडे स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती. तो आजार पसरवणारे बारीक जीव उंदरांच्या अंगावरही असतात.

काळी माती:

सगळ्यांचे मनापासून आभार. कापसाच्या झुपक्याला पहिल्याच रात्री सापडला. कूट-गुळाच्या गोळीलाही सापडताहेत. सासूबाईंनी चापाला होकार दिला, फक्त चतुर्थीला लावायचा नाही म्हणाल्या. ते मी मान्य केलं.

पोती आता भिंतीपासून दीड फूट सोडून उंच फळीवर ठेवली आहेत, मागून बघता येतं. भिंतीतली बिळं बुजवायची आहेत. नुसत्या मातीने बुजवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरलेली असतात. काय घालावं?

कोरडवाहू:

काचेचे तुकडे आणि भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, वरून सिमेंट. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोका. कवेलूची बाजू पूर्ण बंद होणार नाही, म्हणून दोन चाप पेरणीपर्यंत कायम ठेवा. आणि वैशाखात शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण तपासून घ्या. सत्तरच्या आत उगवले तर एकरी बियाणं वाढवावं लागेल.