मदत हवी आहे : सेंट हेलेना ऑलिव्हच्या कलमांविषयी

दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर एकेकाळी वाढणाऱ्या, आणि जगात इतरत्र कुठेही नसलेल्या, ‘सेंट हेलेना ऑलिव्ह’ या नामशेष वृक्षावर मी लेख लिहीत आहे. नावात ऑलिव्ह असले तरी हे झाड आपल्या बोरीच्या कुळातले. त्याला फिकट गुलाबी, बारीक फुलांचे झुबके येत. ते संपले असे मानले जात असताना १९७७ मध्ये बेटावरील डायनाज पीक या शिखराजवळ एकच झाड सापडले, परंतु स्वतःच्या परागाने त्याला बी जवळजवळ धरत नसे. ते १९९४ मध्ये वाळले, आणि लागवडीतील शेवटचे रोप बुरशी व वाळवीमुळे डिसेंबर २००३ मध्ये गेले. हे वाचून मी फार अस्वस्थ झालो.

त्याच्या फांद्यांना मुळे फुटणे अतिशय कठीण होते. आपल्याकडे बोरीचे कलम करताना गावठी खुंटावर (मुळांसकट वाढवलेल्या गावठी बोरीच्या रोपावर) चांगल्या जातीचा डोळा (फांदीवरची कळी) भरतात. मग या कुळातील वेगळ्या प्रजातीच्या खुंटावर डोळा जगतो का, आणि जगल्यास किती वर्षे टिकतो, हे रोपवाटिकेचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.