गिऱ्हाईक किती पैसे देईल, हे त्याला विचारून कळतं का?

उसाचं_रान (धागाकर्ता)

आमचा शेतकरी गट पुण्यात रविवारी सेंद्रिय गूळ विकतो. यंदा भाव ठरवायच्या आधी गटातल्या मुलांनी येणाऱ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला : ‘रसायन न घातलेल्या गुळाला किलोमागे जास्तीत जास्त किती द्याल?’ बऱ्याच जणांनी दीडशेच्या पुढचा आकडा लिहिला. प्रत्यक्षात १४० रुपये भाव लावला, तर त्यातलीच ओळखीची माणसं ढेप हातात घेऊन, भाव ऐकून, ठेवून गेली. मी त्यांना खोटं ठरवत नाही. आकडा लिहिताना खिशातून काहीच जात नाही, आणि शेतकरी समोर उभा असताना कमी आकडा लिहायला माणसाला संकोच वाटतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की फुकटात दिलेल्या उत्तरावर भाव ठरवू नये. वॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाची १९७६ सालची चार प्रश्नांची पद्धत कंपन्या अजून वापरतात : किती भावाला माल इतका स्वस्त वाटेल की दर्जाची शंका येईल, किती भावाला स्वस्तात मिळाला असं वाटेल, कितीला महाग वाटू लागेल, कितीला घेणारच नाही. प्रश्न विचारपूर्वक केले आहेत, पण उत्तर पुन्हा फुकटचंच.

त्यापेक्षा बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांनी १९६४ मध्ये मांडलेली रीत बघा. गिऱ्हाइकाने आपला कमाल भाव आधी लिहून द्यायचा. मग पिशवीतून भावाची एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीतला भाव त्याच्या आकड्याइतका किंवा कमी निघाला, तर चिठ्ठीच्या भावाने माल घ्यायचाच. जास्त निघाला, तर माल मिळणार नाही. मुद्दाम कमी लिहून त्याचा एक पैसाही वाचत नाही, कारण भाव चिठ्ठी ठरवते. उलट परवडणाऱ्या भावाची चिठ्ठी निघूनही माल हातचा जातो. जास्त लिहिलं, तर नको त्या भावाने घ्यावा लागतो. मनातला खरा आकडा लिहिणंच त्याच्या हिताचं.

आठवडी_बाजार

कागदावर पटतं, पण आपल्या बाजारात चालेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे पहिला आकडा हा घासाघिशीची सुरुवात असतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तेव्हा पहिल्याच बोटात कुणी मनातली रक्कम सांगतं का? तुमच्या चिठ्ठीच्या खेळातही माणूस सवयीने पाडूनच लिहील, आणि चिठ्ठी निघाल्यावर म्हणेल, ‘बरं, अजून दहा देतो.’ तेव्हा त्याला नाही म्हणायची तुमची तयारी आहे का?

हे नुसतं माझं म्हणणं नाही. उत्तर घानातल्या खेड्यांत पाणी गाळायच्या फिल्टरसाठी हीच रीत वापरली गेली. काही घरांना मात्र सरळ एकच भाव सांगून ‘घेता का?’ एवढंच विचारलं. सरळ विचारलेल्या घरांत घेणारे जास्त निघाले. मनातला आकडा एकच असेल, तर हा फरक का पडावा?

खाडीकाठ

‘फुकटचं उत्तर’ म्हणून विचारणंच मोडीत काढू नका. गुळाला बाजार आहे. ज्याला बाजारच नाही त्याचं काय करायचं? १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकाळ उथळ भागावर फुटलं. तिथल्या किनाऱ्याची किंमत कुठल्या दुकानात कळणार होती? असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून किती द्याल, असं अमेरिकेतल्या कुटुंबांना विचारलं. मध्यक (निम्मी उत्तरं ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात तो आकडा) सुमारे ३१ डॉलर निघाला, आणि देशभरच्या कुटुंबांचा हिशोब २८० कोटी डॉलरच्या आसपास गेला. पुढे १९९३ मध्ये ॲरो आणि सोलो या दोन नोबेल विजेत्या अर्थतज्ज्ञांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं की नीट काळजी घेऊन विचारलं, तर अशी उत्तरं नुकसानभरपाईच्या हिशोबात धरता येतील. ‘किती द्याल’ असं मोकळं विचारण्याऐवजी ठरावीक रकमेला हो की नाही, असं मतदानासारखं विचारा, हीसुद्धा त्यांचीच सूचना. तेव्हा कान प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा धरा. विचारलंच नसतं, तर त्या किनाऱ्याची किंमत हिशोबात शून्य धरली गेली असती.

उसाचं_रान

@खाडीकाठ, त्याच वादातली दुसरी पाहणी बघा. तेलाच्या तळ्यांत मरणारे पक्षी वाचवायला किती द्याल, असं वेगवेगळ्या गटांना विचारलं. एका गटाला २,००० पक्षी सांगितले, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट झाले तरी आकडा जवळपास तिथेच! लोकांनी पक्ष्यांची किंमत सांगितलीच नाही, आपल्याला वाईट वाटतं एवढंच सांगितलं. आमच्या फॉर्मवरही तेच झालं, असं मला वाटतं.

खाडीकाठ

वाईट वाटणं हीसुद्धा माहितीच आहे. आणि ती पाहणी तेलकंपनीच्या पैशाने झालेल्या संशोधनातली होती, हेही सांगायला हवं.

आरोग्यसेविका

तुम्ही दोघंही पैसे द्यायची ‘तयारी’ मोजताय. ऐपत कोण मोजणार? केनियात दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बायांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या दिल्या. फुकट होत्या तेव्हा जवळपास सगळ्या घेत होत्या. किंमत फक्त ६० सेंट केली, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी घसरलं, म्हणजे शंभरामागे साठ बाया कमी झाल्या. ज्यांनी पैसे मोजले त्या फुकट घेणाऱ्यांपेक्षा जास्त वापरत होत्या, असंही आढळलं नाही. आता या बायांना मलेरियापासून बचावाची किंमत ६० सेंटसुद्धा वाटत नव्हती, असं म्हणायचं का? हातात रोकड नसलेल्या बाईचं ‘नाही’ आणि वस्तूच नको असलेल्या बाईचं ‘नाही’ तुमच्या मापात सारखंच दिसतं. मी वस्तीत काम करते, हा फरक मला रोज दिसतो. या मापावरून गुळाचा भाव खुशाल ठरवा, पण ‘लोकांना गरजच नाही’ असा निष्कर्ष कुणी काढला तर मी भांडेन.

आठवडी_बाजार

@आरोग्यसेविका, शंभर टक्के सहमत. आणि माप अचूक झालं, तर ते कुणाच्या हातात जाणार, हाही प्रश्न आहेच. उकाडा वाढला की भाव वाढवणाऱ्या शीतपेयाच्या यंत्राची कल्पना कोका-कोलाच्या अध्यक्षांनी १९९९ मध्ये बोलून दाखवली, आणि लोक खवळले. तहानलेल्याच्या तहानेचं माप घेऊन त्यालाच जास्त पैसे मागायचे, हे मला मान्य नाही.

@उसाचं_रान, तुमच्यापुरतं सांगतो. चिठ्ठ्या सोडा. एका रविवारी १२० चा फलक लावा, पुढच्या रविवारी १४० चा, आणि किती किलो गेला ते लिहून ठेवा. फलक सगळ्यांना दिसतो, कुणाला वेगळा भाव नाही.

उसाचं_रान

हे करता येईल. पण रविवार रविवारात फरक असतो. महिन्याच्या सुरुवातीला हात सैल असतो, शेवटी नसतो. पावसाच्या दिवशी कुणी फिरकत नाही.

आठवडी_बाजार

म्हणून आलटून पालटून बरेच रविवार करा. आणि संक्रांतीच्या आधीचा रविवार त्यात धरू नका. त्या दिवशी कुठल्याही भावाला गूळ जातो.