कॉम्बो पाठ आहेत, तरी रोज हरतोय. स्ट्रीट फायटर ६ मध्ये आधी काय शिकू?

पहिलीच_फेरी

मंडळी, मदत हवी आहे. दोन महिन्यांपूर्वी स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा व्हिडिओ गेम घेतला. त्याआधीचा अनुभव म्हणजे लहानपणी भावाच्या शेजारी बसून बटणं बडवणं, तेवढाच. ऱ्यू हे पात्र निवडलं, क्लासिक कंट्रोल्स (खास फटक्यांसाठी दिशा फिरवून बटण दाबायचं) ठेवले आणि ट्रेनिंग मोडमध्ये रोज तासभर कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग जोडलेले फटके, घोटले. कोपऱ्यातला एक लांबलचक कॉम्बो आता दहापैकी आठ वेळा निघतो.

पण रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या ऑनलाइन सामन्यांत, गेलो की सगळं मुसळ केरात. ब्राँझ या खालच्या पातळीतच अडकलोय. काल अकरा मॅच खेळलो, नऊ हरलो, आणि तो कॉम्बो लावायची संधी एकदाही मिळाली नाही. समोरचा उड्या मारत अंगावर येतो, मी गांगरतो, हाताला येईल ते दाबतो आणि मार खातो.

कॉम्बो आणखी घोटू का? पात्र बदलू? की मॉडर्न कंट्रोल्स घेऊ? खेळ मनापासून आवडलाय, सोडायचा नाहीये.

रिव्हर्सल

पात्र बदलू नकोस. ऱ्यूकडे शिकायला लागणारं सगळं आहे.

मॉडर्नचं म्हणशील तर त्यात कमीपणा काही नाही. एका बटणावर स्पेशल (खास फटका) निघतो, त्या बदल्यात त्याचं डॅमेज २० टक्के कमी होतं. हिशेब सरळ आहे. पण दोन महिने हात क्लासिकवर बसवला असशील तर राहू दे.

एक विचारतो. हाडोकेन (हातातून सुटणारा गोळा) टाकायला जातोस आणि भलत्याच वेळी शोर्यूकेन (उसळी घेत वर मारलेला पंच) निघतो, असं होतं का? बहुतेक वेळा कारण हेच असतं की तू पुढे चालत असतोस. पुढे दाबलेलं असतानाच खाली, तिरकं, पुढे फिरवलं की गेमला त्यात शोर्यूकेनची खूण सापडते. चालणं सोड, बोट क्षणभर मोकळं कर, मग हाडोकेन टाक.

दुसरा_राउंड

"समोरचा उड्या मारत अंगावर येतो." कॉम्बो तूर्त बाजूला ठेव आणि तुझ्या या वाक्यापाशी थांब.

गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, चालतो. डोळ्यांना काही दिसून बोट हलेपर्यंत साधारण १५ फ्रेम जातात, म्हणजे पाव सेकंद. आता ऱ्यूचा हलका पंच ४ फ्रेममध्ये लागतो, खाली बसून मारलेली मीडियम किक ८ फ्रेममध्ये. या दोन्ही गोष्टी "बघून" अडवणं कुणालाच जमत नाही, कितीही वर्षं खेळा. तिथे आधीपासून ब्लॉक धरायचा, किंवा ती किक पोहोचणार नाही इतक्या लांब उभं राहायचं. ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचा फटका झेलत मारायचा जड वार) मात्र २६ फ्रेमचा आहे. आणि पुढची उडी, सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत, साधारण ४५ फ्रेमची. हवेतला फटका टेकायच्या थोडा आधी लागतो हे धरलं तरी वेळ उरतो. म्हणजे उडी ही दिसणारी गोष्ट आहे. ती रोज तुला लागतेय, कारण तुझं लक्ष दुसरीकडे आहे.

माझंही तसंच होतं. मी ल्यूक खेळते. पहिले चार महिने मी त्या ८ फ्रेमच्या लाथा बघून अडवायचा प्रयत्न करत होते आणि उड्या खात होते. मग एका रात्री हरलेल्या सहा मॅचचे रिप्ले ओळीने लावले, अर्ध्या वेगात. दोन गोष्टी लक्षात आल्या. मॅच चालू असताना माझी नजर सगळा वेळ माझ्याच ल्यूकवर असायची, जणू तो माझं ऐकतोय का हे तपासत होते. आणि समोरच्याच्या उड्या वाटेल तेव्हा नव्हत्या. मी सँड ब्लास्ट (ल्यूकचा लांबून टाकायचा गोळा) टाकायचे, त्याच जागेवरून लगेच दुसरा टाकायचे, आणि त्या दुसऱ्यावर उडी ठरलेली. सहापैकी पाच मॅचमध्ये, वेगवेगळ्या माणसांकडून. उडी कधी येणार हे मीच त्यांना सांगत होते!

तेव्हापासून नजर समोरच्या पात्राच्या खांद्यांवर, किंचित वरच. आपलं पात्र डोळ्याच्या कडेने दिसतं, तेवढं पुरतं. सुरुवातीला चार-पाच दिवस फार विचित्र वाटेल, आपण आंधळे झालो असं वाटेल. तरी नजर खाली आणू नकोस.

सराव असा कर. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला (समोरच्या सरावाच्या पात्राला) तीन गोष्टी रेकॉर्ड करून दे: एक, पुढे उडी मारून हेवी किक. दोन, ड्राइव्ह इम्पॅक्ट. तीन, चालत येऊन खालची मीडियम किक. त्या रँडम लाव. उडी दिसली की खाली बसून हेवी पंच. ऱ्यूसाठी आत्ता शोर्यूकेनपेक्षा हाच बरा, कारण गडबडीत एकच दिशा आणि एकच बटण आठवायचं असतं. इम्पॅक्ट दिसला की आपला इम्पॅक्ट. तिसऱ्याला काही करायचं नाही, खाली बसून ब्लॉक. ही "काही न करण्याची" सवय लावणंच सगळ्यात अवघड आहे. पहिले दोन दिवस मात्र फक्त उडी. दिवसाला दहा मिनिटं पुरे, थकलेल्या डोळ्यांना काही शिकता येत नाही.

मग रँक्ड खेळताना कागद घे. दोन रकाने: किती उड्या आल्या, किती पाडल्या. जिंकलो की हरलो हे लिहायचंच नाही. उडी डोक्यावरून पलीकडे गेली तर ती मोजू नकोस, तिथे हा पंच बऱ्याचदा हुकतो. ती दुसऱ्या बाजूने ब्लॉक करायची.

रिव्हर्सल

ताईंचं पटलं, फक्त एक जोडतो. तुझे कॉम्बो वाया गेलेले नाहीत. त्याच्या इम्पॅक्टवर तुझा इम्पॅक्ट बसला की तो हळूहळू गुडघ्यावर कोसळतो आणि तुला चिक्कार वेळ मिळतो. घोटलेलं तिथे लाव. आणि कोपऱ्याला पाठ असेल तर इम्पॅक्ट नुसता ब्लॉक करून भागत नाही, भिंतीवर आपटतोस. म्हणून उत्तर द्यायलाच शिक.

२००४ च्या इव्हो या फायटिंग गेम स्पर्धेतला खेळाडू दाइगो उमेहाराचा तो प्रसिद्ध क्षण बघितला असशील, थर्ड स्ट्राइक या जुन्या स्ट्रीट फायटरमधला. त्याच्या केन या पात्राचं आयुष्य इतकं कमी उरलं होतं की ब्लॉक करूनही मेला असता, आणि त्याने जस्टिन वाँगच्या चुन-लीच्या सुपरचे (सगळ्यात मोठ्या हल्ल्याचे) पंधराही फटके पॅरी केले, म्हणजे नेमक्या क्षणी परतवले. लोक म्हणतात काय रिफ्लेक्स! पण तो सुपर कधी येणार हे ओळखून तो आधीपासून तयार उभा होता. उड्यांचं तेच आहे, आपल्या पातळीवर.

पहिलीच_फेरी

दहा दिवसांनी लिहितोय. कागद ठेवला. पहिल्या दिवशी २३ उड्या, पाडल्या २. ऱ्यूवरून नजर हलवली तर चालताही येईना. काल सात मॅचमध्ये ३१ उड्या आल्या, १४ पाडल्या. रिप्लेही बघितले. मी हाडोकेन टाकायचो तो निम्म्या स्क्रीनवरून, कायम तीन सलग. तिसऱ्यावर उडी. ताई, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच.

कालच्या शेवटच्या मॅचमध्ये समोर एक झांगीफ (कुस्तीगीर पात्र) होता. पहिल्या राउंडमध्ये त्याच्या चार उड्या पाडल्या, दुसऱ्यात तो उडलाच नाही! मी खुर्चीतून उठलो. मग तो चालत आला, मी ब्लॉक धरून बसलो, आणि त्याने उचलून आपटलं. पुन्हा आला, पुन्हा आपटलं. तिसऱ्यातही तेच, मॅच गेली. याचं काय करू?

दुसरा_राउंड

चौदा! फार छान वाटलं वाचून.

साधा थ्रो (उचलून आपटणं, ते ब्लॉकने अडत नाही) ५ फ्रेमचा असतो, म्हणजे तो न दिसणाऱ्यांतला. तुझा थ्रो वेळेत दाबलास तर सुटतोस. पण झांगीफची खास पकड, स्क्रू पाइलड्रायव्हर, तशी सुटत नाही. तिला उत्तर एकच, ती यायच्या आधी जमीन सोडणं किंवा त्याला जवळच न येऊ देणं. आता तो उडत नाहीये, म्हणजे चालत येणार, आणि चालताना त्याला ब्लॉक करता येत नाही. तुझी खालची मीडियम किक लगेच हाडोकेनमध्ये जाते. ती त्याच्या पायाला नेमकी कुठून लागते, ते अंतर आज ट्रेनिंगमध्ये शोध. आणि त्या मॅचचा रिप्ले कोड इथे टाक, तो कोणत्या क्षणी चालायला लागतो ते बघते.