चाचणी-निरीक्षणासाठी बिल्ड सेशन आयडी अनन्य कसा ठेवावा?

पर्वरीकर:
नमस्कार. पर्वरीतील आमच्या कार्यालयात हॉटेल-आरक्षण प्रणालीचे बिल्ड (कोडपासून चालवण्याजोगी आवृत्ती तयार करणे) जेन्किन्स या स्वयंचलित साधनावर होते आणि त्याच्या चाचण्या वेर्ण्यातील सहकारी वेगळ्या सर्व्हरवरून चालवतात. कोडच्या शाखेचे (ब्रँचचे) नाव आणि मिनिटापर्यंतची वेळ जोडून आम्ही प्रत्येक बिल्डचा आयडी बनवतो. मात्र एकाच शाखेचे दोन बिल्ड एकाच मिनिटात सुरू झाले की दोन्हींचे कव्हरेज, म्हणजे चाचण्यांत कोडचा कोणता भाग तपासला गेला याची माहिती, एका नोंदीत मिसळते. शिवाय बिल्डचा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि चाचणीचा भारतीय वेळेवर असल्याने, चाचणीच्या वेळी आयडी पुन्हा तयार केला की तो साडेपाच तासांनी पुढे जातो. योग्य पद्धत कोणती?

मडगावचा वाचक:
आयडी दुसऱ्यांदा तयार करणेच थांबवावे. बिल्डच्या आरंभी तो एकदाच निर्माण करून फाइलमध्ये लिहावा, ती फाइल आर्टिफॅक्टसोबत (बिल्डमधून तयार झालेल्या फाइलींसोबत) जपावी आणि कोड स्कॅन, डिप्लॉय (सर्व्हरवर बसवणे) व चाचणी या सर्व टप्प्यांनी तीच वाचावी. फाइल सापडली नाही तर त्या टप्प्याने नवा आयडी न बनवता तिथेच थांबावे, कारण चुकीच्या बिल्डच्या नावावर चढलेले कव्हरेज हे कव्हरेज नसण्यापेक्षा अधिक घातक असते. आयडी म्हणून यूयूआयडी, म्हणजे सर्वत्र अनन्य राहावा असा 128 बिटांचा ओळखक्रमांक, घ्यावा. त्याच्या चौथ्या आवृत्तीतील 128 पैकी 122 बिट यादृच्छिक असतात; 2024 च्या आरएफसी 9562 या इंटरनेट मानकातील सातव्या आवृत्तीत आरंभीचे 48 बिट वेळेचे असल्यामुळे नोंदी कालक्रमाने लावता येतात.

मांडवीकाठ:
वरील मताशी सहमत आहे. शाखा, कमिट (कोडमधील बदलाची नोंद) आणि बिल्ड क्रमांक माणसांना वाचण्यासाठी हवेतच, पण ते स्वतंत्र रकान्यांत ठेवावेत. जेन्किन्सचा बिल्ड क्रमांक त्या जॉबपुरताच (ठरवलेल्या एका कामापुरताच) वेगळा असतो, आणि कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळखखूणही पुरत नाही, कारण तोच कमिट पुन्हा बिल्ड करताना एखादी लायब्ररी बदललेली असू शकते. पुढे जेन्किन्सऐवजी गिटहब ॲक्शन्स या तशाच सेवेवर गेलात तर ध्यानात ठेवावे, की काम पुन्हा चालवल्यावर रन आयडी तोच राहतो, फक्त प्रयत्नाचा क्रमांक वाढतो.

पर्वरीकर:
आभारी आहे. चाचणी सुरू होताना सर्व्हरवर नेमके तेच बिल्ड आहे याची खात्री कशी करावी?

मडगावचा वाचक:
आयडी ॲप्लिकेशनमध्येच समाविष्ट करून आरोग्य-तपासणीच्या, म्हणजे ॲप्लिकेशन नीट चालते का हे सांगणाऱ्या, पत्त्यावर उपलब्ध करावा आणि पहिल्या चाचणीपूर्वी तो फाइलमधील आयडीशी ताडून पाहावा. विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे अनेक सर्व्हर असतील तर प्रत्येकाला थेट विचारावे, कारण डिप्लॉय अर्धवट असताना एकाच्या उत्तरावरून इतरांची स्थिती कळत नाही.