धाकटी दिवसा झोपत नाही आणि मोठा कुजबुजत बोलायला लागलाय

पहाटवारा:

धाकटी उद्या पाच आठवड्यांची होईल, मोठा साडेतीन वर्षांचा आहे. रात्रीचं कसंबसं निभतंय. दर अडीच-तीन तासांनी उठते, पिते, पुन्हा झोपते. अडलंय ते दिवसाचं. सकाळी साडेआठला नवरा कामाला गेला की संध्याकाळी साडेसहापर्यंत घरात मी आणि ही दोघं, तिसरं माणूस नाही.

तिला पाजून, ढेकर काढून, खांद्यावर थोपटत पेंग आणायला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नेमकी तेव्हाच मोठ्याला शू लागते, नाहीतर ट्रकचं चाक निघतं, नाहीतर काहीतरी सांगायचं असतं आणि ते आत्ताच सांगायचं असतं. ती डोळे उघडते. पुन्हा पहिल्यापासून. जमलंच आणि खाली ठेवलं, तर दहा मिनिटांत दोन्ही हात उडवून दचकते नि जागी होते. काल दिवसभरातली सगळ्यात लांब झोप २५ मिनिटांची, तीही माझ्या छातीवर, मी सोफ्यावर टेकून बसले होते तेव्हा. मग संध्याकाळी पाच ते आठ नुसती रडारड.

महिन्याभरात मोठ्याला "शूऽ, बाळ झोपलंय" किती वेळा म्हटलं असेन याची गणतीच नाही. परवा दुपारी तिला घेऊन खोलीत अंधार करून बसले होते. दार किलकिलं झालं. हा उभा. ट्रक पोटाशी घट्ट धरलेला आणि चाकांवर तळहात दाबलेला, ती फिरून आवाज होऊ नये म्हणून. अगदी हळू विचारलं, "आई, आता मी बोलू का?"

ती तेव्हा जागीच होती. त्या दिवसापासून बघतेय, ती जागी असतानाही हा कुजबुजतच बोलतो. दिवसभर गाणी म्हणत घरभर फिरणारा मुलगा आहे हा. मला ते बघवत नाहीये.

त्याच्या वेळी घर चिडीचूप ठेवायचे, ते जमलंही, कारण लहान मूल एकच होतं. आता मोठ्याला गप्प न करता धाकटीला झोपवायचं कसं? दिवसा एकट्याने दोघांना सांभाळलेल्यांनी जरूर लिहा. मदतीला कुणाला बोलावणं सध्या शक्य नाही.

निंबोणी:

तू तिला झोपवायला कधी घेतेस? रडायला लागल्यावर घेत असशील तर उशीर होतोय. या वयात बाळ एका वेळी ४५ मिनिटं ते तासभरच जागं राहू शकतं, आणि त्यात पाजण्याचा वेळही आला. टक लावून बघणं, मग नजर फिरवणं, भुवयांपाशी लाली, जांभई या खुणा रडण्याच्या आधी येतात. पण घरात साडेतीन वर्षांचं मूल असलं की त्या दिसतच नाहीत, माझ्याही सुटायच्या. म्हणून मी घड्याळ लावलं. उठली ती वेळ कागदावर लिहायची, ४० मिनिटं झाली की खांद्यावर घ्यायची. फार थकलेलं बाळ झोपायला जास्त वेळ घेतं आणि लवकर उठतं.

दोघांची_आई:

अगं, तुझ्या ट्रकवाल्याचं वाचून रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी लिहायला बसले. माझी आता सात आणि चार वर्षांची आहेत. मोठी तेव्हा तीन वर्षांची होती आणि तिने कुजबुजण्याऐवजी भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली होती. गोष्ट एकच होती.

मी एकच बदल केला, बाकी सगळं त्याच्या मागून आलं. क्रम उलटा केला. आधी मी बाळाला झोपवून मग मोठीकडे वळायचे. तिला रोज कळत होतं की आपली पाळी बाळाच्या झोपेनंतर, आणि ते झोपलं नाही तर पाळीच नाही. मग ती थांबणार कशी? मी आधी तिला दहा मिनिटं द्यायला लागले. बाळ जागं, शेजारी सतरंजीवर उताणं, आणि मी पूर्णपणे मोठीची. ठोकळे तर ठोकळे, घोडा तर घोडा. फोन दुसऱ्या खोलीत. दहा मिनिटं कमी वाटतात, पण आईची नजर दुसरीकडे नसेल तर पुरतात. पोट भरलेलं मूल जसं स्वतःहून ताटावरून उठतं तशी ती उठायची. मग मी बाळ उचलायचे.

शब्दही बदलले. "बाळ झोपलंय, गप्प" हे वाक्य घरातून काढून टाकलं. त्याऐवजी आवाजाची जागा ठरवली. पुढची खोली मोठ्या आवाजाची, झोपायची खोली हळू आवाजाची. म्हणजे तिचा आवाज वाईट नव्हता, त्याला त्याची जागा होती. तुझ्या मुलासाठी हे फार गरजेचं आहे असं मला वाटतं. आज त्याला पुढच्या खोलीत ने आणि त्याच्याबरोबर तूच मोठ्याने गाणं म्हण, धाकटी कडेवर असताना. नुसतं "बोल रे" म्हणून त्याला पटणार नाही, त्याला ते बघायला हवं.

आणखी एक कर. दिवसातून दोनदा तरी त्याला ऐकू जाईल असं धाकटीला सांग, "थांब हं बाळा, आता दादाची पाळी आहे." ती रडत नसतानासुद्धा सांग. थांबायला फक्त आपल्यालाच सांगतात, असं मोठ्या मुलाला वाटत असतं.

झोपवायच्या वेळी एक डबा बाहेर काढायचे, एरवी तो वरच्या फळीवर. त्यात कपड्यांचे चिमटे, पुठ्ठ्याच्या नळ्या, जुनं कुलूप-किल्ली, टॉर्च. खेळण्यांपेक्षा हेच जास्त चालतं. टॉर्च बटणासारख्या चपट्या सेलची नको, तो सेल गिळला गेला तर फार धोका असतो.

आता बाळाबद्दल. माझ्याकडून एक चूक बरेच दिवस होत राहिली. तो पाळण्यात कण्हायचा, पाय झाडायचा, तोंड वेडंवाकडं करायचा, कधी एखादा हुंदकाही द्यायचा, आणि मी लगेच उचलायचे. तो जागा नव्हताच. या वयात जवळजवळ अर्धी झोप अशी चळवळी असते. मीच त्याला उठवत होते. आता तिने आवाज केला की लगेच हात घालू नकोस. बाजूला उभी राहा, डोळे उघडतेय का बघ, मिनिटभर थांब. रडायला लागली तर अर्थात उचल.

रजेवरचा_बाबा:

ताई, मी चार महिने घरी होतो, त्यामुळे दिवसाचा अनुभव आहे. आमच्याकडे एका नियमाने बरंच हलकं झालं. दिवसातली एकच झोप पाळण्यात, बाकीच्या अंगावर. बांधायच्या झोळीत बाळ छातीशी ठेवायचं आणि मोठ्याबरोबर कामं करत फिरायचं. दोन्ही हात मोकळे, मोठ्याची शू, चाक, गोष्ट सगळं होतं, आणि बाळ त्या हालचालीत तासभर झोपतं. पाळण्यातली झोप सकाळची ठेवा, ती सगळ्यात सोपी लागते.

झोळी बांधताना चेहरा कायम दिसला पाहिजे, कापडात बुडालेला नको. हनुवटी छातीला टेकता कामा नये, खाली बोट जाईल एवढी जागा हवी. डोकं इतकं वर की मान वाकवली की कपाळाचा पापा घेता यावा. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा वजनाने कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सोफ्यावरच्या त्या २५ मिनिटांबद्दल स्पष्टच लिहितो, राग मानू नका. तिथे तुमचा डोळा लागला तर बाळ तुमच्या आणि गादीच्या फटीत सरकू शकतं. पेंग येतेय असं वाटलं की तिला खाली ठेवा, उठली तरी चालेल.

मोठ्याची दुपारची झोप सुटली असेल तर झोपेचा आग्रह धरू नका. "पडायची वेळ" म्हणा. पडदे ओढून ४० मिनिटं तिघंही आडवे, मोठ्याकडे पुस्तकं. माझा आठवड्यातून दोनदा झोपून जायचा.

रात्रपाळी:

नवजात बाळांच्या विभागात ११ वर्षं नर्स आहे. वर छान लिहिलंय, थोडी भर घालते.

दिवसाच्या झोपेलाही रात्रीचेच नियम. उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी नाही, सैल पांघरूण नाही, खेळणी नाहीत. दार लावलेल्या वेगळ्या खोलीत ठेवण्यापेक्षा पहिले सहा महिने ती तुमच्या नजरेसमोर असू द्या. आवाजाची चिंता करू नका. पोटात असताना ती तुमच्या हृदयाचे ठोके, रक्ताचा प्रवाह आणि दादाची गाणी ऐकतच होती. संथ, एकसारखा आवाज बाळांना त्रास देत नाही, अचानक झालेला देतो. दाराचा धडाका, पडलेलं भांडं.

पंख्यासारखा आवाज करणारं यंत्र लावणार असाल तर ते पाळण्यापासून निदान दोन मीटर लांब आणि बारीक. कॅनडात २०१४ मध्ये अशी १४ यंत्रं तपासली, तेव्हा पूर्ण आवाजावर सगळीच रुग्णालयात बाळांसाठी ठरवलेल्या ५० डेसिबलच्या वर गेली. तीन तर ३० सेंटिमीटरवर ८५च्याही वर होती.

दचकण्यासाठी दुपट्यात गुंडाळता येईल, पण पाय आणि कंबर मोकळी ठेवा आणि ती कुशीवर वळायचा प्रयत्न करायला लागली की गुंडाळणं त्याच दिवशी बंद. खाली ठेवताना आधी पाय, मग कंबर, शेवटी डोकं, आणि हात छातीवर थोडा वेळ तसाच राहू द्या. डोकं आधी मागे गेलं की ती दचकते.

तिला मोठ्याबरोबर एकटं सोडून दोन मिनिटंही जाऊ नका. तुमच्या वर्णनावरून मुलगा फार समजूतदार दिसतो, आणि भीती त्याचीच असते. असं मूल थंडी वाजेल म्हणून बाळाच्या तोंडावर पांघरूण घालतं.

संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, मग उतरतं. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. दिवस-रात्रीचं तिचं स्वतःचं घड्याळ दोन-तीन महिन्यांनंतरच बसायला लागतं. पण अंग तापलं आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर असेल, पिणं एकदम कमी झालं किंवा उठवूनही उठत नसेल, तर वाट न बघता डॉक्टरकडे.

पहाटवारा:

नऊ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार, सोफ्याचं सांगणाऱ्या दादांचे सगळ्यात आधी. मला खरंच कल्पना नव्हती. सोफा बंद केला.

४० मिनिटांचं घड्याळ पहिल्याच दिवशी लागू पडलं. वीस मिनिटं थोपटावं लागायचं ते सात-आठवर आलं. डब्याचं मात्र सुरुवातीला फसलं. कुलूप उघडेना म्हणून हा दर मिनिटाला आत. कुलूप काढून घेतलं आणि चिमटे ठेवले, तर पुठ्ठ्याच्या कडेला ओळीने लावत पंचवीस मिनिटं बसला. झोळीत धाकटी परवा एक तास दहा मिनिटं झोपली. पाळण्यात अजून अर्ध्या तासाच्या पुढे जात नाही. संध्याकाळी रडतेच, पण आता मी तिच्याबरोबर रडत नाही.

मोठ्याला वेळ लागला. पुढच्या खोलीत मी गायले, तो चार दिवस माझ्याकडे बघत राहिला. धाकटीला "थांब हं, दादाची पाळी" म्हटलं की कानात प्राण आणून ऐकायचा, बोलायचा नाही. पाचव्या दिवशी ती रडत होती, मी त्याचा बूट घालत होते, तेव्हा त्यानेच तिला खणखणीत आवाजात सांगितलं, "थांब! आई माझा बूट घालतेय!" मी दुसरा बूट मुद्दाम सावकाश घातला.

आत्ता ती झोळीत आहे, मी उभ्याने टाइप करतेय. पुढच्या खोलीत फरशीवर ट्रक चाललाय, चांगला धडधडत. एक विचारायचं होतं. पाळण्यात बरोबर तिसाव्या-पस्तिसाव्या मिनिटाला उठते, तेव्हा उचलायचं की थोपटायचं?

दोघांची_आई:

खणखणीत! वाचून किती बरं वाटलं.

पस्तीस मिनिटांचं म्हणशील तर तिथे तिची झोप उथळ होते, एक फेरी संपत आलेली असते. सकाळच्या झोपेला अठ्ठाविसाव्या मिनिटाला पाळण्यापाशी जा, ती हलायच्या आधीच छातीवर हात ठेव आणि नुसता ठेव, थोपटू नकोस. दोन-तीन दिवस करून बघ. पाच मिनिटांत नाही गेली पुढे तर उचल आणि झोळीत घे, उरलेली झोप तिथे होईल. आणि तेव्हा त्यालाही बरोबर यायचं असेल तर येऊ दे, ट्रकसकट.